हत्तीएवढी फणी

आमच्या ह्यांची नागपूरला बदली झाली आणि वृंदा म्हणाली, "मी येणार नाही." कलकत्त्यातच हॉस्टेलवर राहून तिला आर्ट कॉलेजचं शेवटचं वर्ष पुरं करायचं होतं. कशासाठी, तर बेल्जियममधल्या सररिअलिस्ट चित्रकारांवर प्रबंध लिहायला! हे पेपर तोंडासमोर धरून म्हणाले, "तुझी आई म्हणेल तसं." म्हणजे वाईटपणा माझ्याच पदरात.

मी तडकले. एकुलती एक पोर, ती कोण कुठल्या बेल्जियमवाल्यांपायी मला सोडून राहणार? पण खरं सांगते, रागापेक्षा उत्सुकताच जास्त छळत होती. असं काय आहे बाई त्या चित्रांत? म्हटलं, "आण तुझं ते पुस्तक. बघते, मग ठरवते."

एस्प्लनेडच्या एका लायब्ररीतून तिनं ते जाडजूड पुस्तक ट्राममधून छातीशी धरून आणलं. व्हरांड्यात आम्ही दोघी बसलो. पहिल्याच चित्रात दिवाणखान्याच्या भिंतीतल्या शेकोटीतून आगगाडीचं इंजिन बाहेर येत होतं.

"अगं बाई! सियालदह स्टेशनात जागा पुरली नाही वाटतं?"

वृंदा हसली नाही. पुढच्या चित्रात घराभोवती मिट्ट काळोख, दारात दिवा, आणि वर भरदुपारचं निळं आभाळ. त्याच्यापाशी मात्र मी बराच वेळ थांबले. देल्वो नावाच्या गृहस्थाच्या चित्रात उघड्या बायका दिसल्या, तेव्हा घाईनं पान उलटलं.

"ह्यांना स्वप्नं पडायची का गं अशी?"

"तीच तर गंमत आहे, आई." तिचा चेहरा खुलला. "स्वप्नांच्या मागे लागले पॅरिसवाले. ब्रसेल्सच्या ह्या माग्रितनं, ते इंजिन काढणाऱ्यानं, रोजच्याच वस्तू घेतल्या, सुबक रंगवल्या, फक्त भलत्या जागी नाहीतर भलत्या आकारात ठेवल्या. आणि कलेच्या इतिहासात मान पॅरिसला, बेल्जियम आपलं शेवटच्या परिच्छेदात. आमचे सरसुद्धा म्हणतात, ती पॅरिसची शेपटी. मला नाही पटत."

तिनं पान उलटलं. एक खोली. पलंगावर माणसाएवढी फणी उभी, जमिनीवर कपाटाएवढा काचेचा पेला, आणि भिंतींच्या जागी आभाळ.

मी ओरडलेच, "अगं, हे तर चैत्रांगण!"

"आई, पुरे हं! जगात कुठे काही दिसलं, की ते आपल्याकडे आधीच होतं." पुस्तक मिटून ती आत निघून गेली. मला फार लागलं.

पुढच्या आठवड्यात आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. पाळण्यात गौर बसवली. व्हरांड्यात गेरू सारवून पुण्याहून मागवलेल्या रांगोळीनं मी चैत्रांगण काढायला बसले. सूर्य, चंद्र, कासव, हत्ती, आरसा, फणी... वृंदाला शेजारच्या बंगाली बायकांची आल्पना येते, हे येत नाही. दरवर्षी ओलांडून जायची. या वेळी कैरीच्या डाळीचं पातेलं हातात तसंच धरून ती उकिडवी बसली.

"फणी हत्तीएवढी का गं?"

"मला काय माहीत! माझी आई काढायची तशी काढते."

"पण का असेल?"

आता मलाही राहवेना. इतकी वर्षं काढली, विचारलं कधीच नाही. "गौर महिनाभर माहेरी येते," मी चाचपडत म्हटलं. "तिला लागेल ते सगळं मांडायचं. हत्ती काय रोज लागतो? फणी लागते. असं असेल बाई, नक्की ठाऊक नाही."

तिनं पातेलं खाली ठेवलं. "मग माग्रितचं अगदी उलट आहे. त्याच्या खोलीत फणी आहे, पण विंचरणारं कुणी नाही. म्हणून घरातली वस्तू परकी वाटते. तुझी फणी वाट बघतेय कुणाची तरी."

"घाल मग प्रबंधात."

"छे! तिथे बेल्जियमलाच राहू दे." ती हसली. मग हळूच म्हणाली, "गौर महिन्यानं परत जाते ना? तिला कुणी अडवत नाही?"

माझी चिमूट थांबली. "नाही," मी म्हटलं, "वेणी घालून पाठवतात." डोळे भरून आले ते तिला दिसू नये म्हणून वरच पाहिलं नाही. "राहा तू इथे. पण केस धड विंचरत जा."

पुढच्या चैत्रात नागपूरला ऐसपैस अंगण मिळालं. प्रबंधावरून सरांनी वृंदाशी पुष्कळ वाद घातला म्हणे, पण पास केलं. हळदीकुंकवाला आलेल्या श्यामलाबाई अंगणातच थबकल्या.

"अहो सरोजताई, फणी केवढी काढलीत! हत्ती उंदराएवढा दिसतोय तिच्यापुढे. चुकली का?"

"काही चुकली नाही," मी ठसक्यात म्हटलं. "उद्या माझी लेक येतेय."