शेवटचं शून्य

रिटायर व्हायला अकरा दिवस उरले होते आणि केशवराव अगदी मेटाकुटीला आले होते. वरठीजवळच्या कारखान्यात भट्टीवरच्या पाळीची यादी छापणारा प्रोग्राम त्यांचाच. कधी चार नावं, कधी नऊ. द्याल तेवढी तो घ्यायचा. नावं संपली की शेवटी एक शून्य ठेवायचं, तिथे तो थांबायचा. सात वर्षांत एकदाही चुकला नाही, हे केशवराव दिवसातून दोनदा तरी ऐकवत.

शहाऐंशीत कॉम्प्युटरचं नवं मशीन आलं आणि यादी बिघडली. धनीराम, ईश्वर, तुलाराम, आणि पुढे पानभर नुसता कचरा. केशवरावांनी मागचापुढचा विचार न करता साहेबांना पत्र दिलं, मशीन खराब आहे, परत पाठवा. ते मशीन पसंत केलं होतं रुखमिणीनं. सहा महिन्यांपूर्वी लागलेली, अजून कायम न झालेली पोरगी. मशीन परत गेलं तर तूही घरी जाशील, असं साहेबांनी तिला तोंडावर सांगितलं होतं. ती बिचारी मान खाली घालून रोज यादी हातानं लिहून फाटकावर देत होती.

बुधवारी दुपारी डबा न उघडताच केशवरावांनी मशीनबरोबर आलेलं पुस्तक पहिल्यांदा उघडलं. जुन्या मशीनवर, नाव मेमरीत कुठे ठेवलंय त्याचा पत्ता दोन घरांत मावायचा, शून्यही दोनच घरं घ्यायचं. नव्यावर पत्त्याला चार घरं लागत, शून्याला मात्र दोनच. प्रोग्राम चार घरांचं शून्य शोधायचा, त्याला अर्धंच सापडायचं, मग पुढे जे काही पडलं असेल ते नाव समजून छापत सुटायचा. हे शून्य पत्त्याचं आहे, असं स्पष्ट लिहायला हवं होतं. ते त्यांनी कधीच लिहिलं नव्हतं. चूक पहिल्या दिवसापासूनची, जुनं मशीन निमूट सांभाळून घेत होतं इतकंच.

गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? अकरा दिवस काढायचे, हार घालून घ्यायचा, आपल्या गावी आसगावला जाऊन धानाची शेती बघायची. हा विचार मनात आला आणि त्यांना स्वतःचीच शिसारी आली. ते साहेबांकडे गेले, चूक माझी आहे म्हणाले आणि पत्र परत मागितलं. साहेब हसले. ते हसणं त्यांनी गिळलं.

रुखमिणीला सांगितलं तर तिला नवल वाटलंच नाही. तिनं ड्रॉवरमधून एक कागद काढला. प्रोग्राममधल्या त्र्याऐंशी जागा, जिथे जिथे ते शून्य होतं, ओळींच्या नंबरांसकट लिहिलेल्या. वर तारीख गेल्या गुरुवारची.

"तुले माहीत होतं? मंग बोलली काहून नाही?"

"तुमचा प्रोग्राम वाचूनच शिकली सर मी. तुमी रोज म्हनता, सात वर्षं चुकला नाही. कशी सांगू?"

केशवरावांनी खुर्ची तिच्या टेबलाशी ओढली. आपल्या बढाईपायी ही पोरगी मुकाट्यानं नोकरी घालवायला निघाली होती. तिच्यावर रागवायलाही त्यांना तोंड उरलं नव्हतं.

"आन इकडं तो कागद," ते म्हणाले. "पहिल्या चाळीस जागा माह्या, बाकीच्या तू दुरुस्त कर."