न झालेला सलाम

मी डॉक्टर गार्साइडांच्या मोटारीच्या नाकावरचा पितळी बिल्ला बोलतोय. आता मोटारीवर नसतो, पण ओळख तीच.

मी बर्मिंगहॅमला घडलो तेव्हा आमचा मोटार क्लब चांगला जुना झाला होता. यॉर्कशरच्या माळावर क्लबची टेलिफोनची पेटी, म्हणजे माणूस आत मावेल एवढी कुलूपबंद खोपी, होती आणि तिच्याजवळ गस्तवाला हेब्डन. क्लबचा बिल्ला दिसला की तो सलाम ठोकायचा. डॉक्टरांना नव्हे, मला! अठरा वर्षं सलाम घेऊन मी पुरता शेफारलो होतो.

पुढच्या रस्त्यावर पोलीस वेग मोजायला लपलेत, असं मोटारवाल्यांना उघड सांगणं गुन्हा ठरलं होतं. म्हणून पोलीस लपलेले असले की हेब्डन सलामच करत नसे. 'सलाम झाला नाही तर थांबा आणि कारण विचारा,' असं क्लबच्या पुस्तकात छापलेलं होतं. पण थांबतो कोण? सगळे नुसता वेग कमी करून गालात हसत पुढे जात.

मार्चमधल्या त्या सकाळी हेब्डन पेटीला टेकून उभा होता. हात वर गेला नाही. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. मुठीत पेटीची किल्ली होती. मी सगळ्यांत पुढे, मला सगळं दिसलं. पण मला तोंड कुठे आहे!

"अहो, त्याचा चेहरा बघितलात?" डॉक्टरांच्या पत्नी मिल्ड्रेडबाई म्हणाल्या.

"बघितला ना! पोलीस दबा धरून बसलेत पुढं. पठ्ठ्या नाटक झकास करतो!" डॉक्टरांनी वेग वीस मैलांवर आणला.

तीन मैल आम्ही रांगत गेलो. कुंपणामागे फक्त मेंढ्या होत्या.

"कुठं गेले हो तुमचे पोलीस?"

"चहाला गेले असतील." पण या वेळी डॉक्टर हसले नाहीत. पुढच्या वळणावर त्यांनी एकदम मोटार फिरवली आणि मिळेल तेवढ्या वेगानं मागे हाकली.

हेब्डन पेटीच्या पायाशी बसलेला होता. किल्ली कुलपात तशीच अडकली होती. डॉक्टरांनी त्याची नाडी धरली, बराच वेळ धरून ठेवली. बॅग उघडलीच नाही.

"जाताना नऊ मिनिटं लागली आपल्याला," ते म्हणाले. "मी डॉक्टर आहे गं, मिल्ड्रेड."

त्याच संध्याकाळी त्यांनी मला मोटारीवरून उतरवलं आणि पेटीच्या दारावर ठोकलं. सलाम घ्यायची मलाही आता लाज वाटते.

काल नव्या गस्तवाल्याचा हात वर गेला नाही. मोटार हळू झाली, आतली माणसं हसली आणि पुढे गेली.

अहो, थांबा. काच खाली करून एकदा विचारा तरी त्याला.