डोळ्यातलं खळं

माझ्या सासूबाई, झुंबरबाई, जन्मभर आभाळावर हुकूम चालवत आल्या. पाऊस कधी, धुई कधी, हे त्यांनी सांगायचं आणि आमच्या अमडापुरानं मान डोलवायची. पण त्या वर्षी दिवाळीआधी त्यांना बल्बाभोवती, मोटारसायकलीच्या दिव्याभोवती गोल कडी, म्हणजे खळी, दिसू लागली. चिखलीच्या शिबिरात डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू आहे, ही खळी तुमच्या डोळ्यातली. ऑपरेशनची तारीखही दिली. बाई घरी आल्या त्या फुगूनच. "म्हातारीले आता काय पाहाचं रायलं? बीटीचा कापूस?" हे एकच पालुपद.

त्यात अगदीच खोटं नव्हतं. या बांधापासून त्या बांधापर्यंत कापूसच. ज्वारी गेली, तिच्याबरोबर मळणीचं खळंही गेलं. त्यात त्या वर्षी बोंडं बारकी, पानं लाल पडलेली. मलाही त्या शेताकडे पाहावंसं वाटत नसे, पण मी पडले सून. मी बोलले तर तो उद्धटपणा.

वेचणीच्या तिसऱ्या दिवशी, भाकरीची वेळ झाली तेव्हा बाईंनी वर पाहिलं. हात ओटीतल्या कापसातच राहिला. म्हणाल्या, "सुर्व्याले खळं पडलं."

माझा नवरा गोकुळ हसला. "माय, ते तुह्या डोळ्यातलं हाय. डॉक्टरनं सांगतलं ना?"

याच बाईंनी एकदा एका शब्दावरून सरपंचाला अर्धा तास उन्हात उभं केलं होतं. आता त्यांनी मुकाट्यानं मान खाली घातली आणि चाचपडत पुढचं बोंड धरलं. मला गोकुळचा असा राग आला की सांगता सोय नाही. शेजारच्या ओळीत आमची शेजारीण गुलनार वेचत होती, तिचेही हात थांबले.

"आत्याबाई," मी म्हणाले, "बल्बावर हात धरला की त्याचं खळं जाते ना?"

"जाते."

"मंग सुर्व्यावर धरा."

त्यांनी तळव्यानं सूर्य झाकला. आम्हीही झाकला.

खरं सांगते, इतकं देखणं मी आजवर काही पाहिलं नव्हतं. विरळ पांढऱ्या ढगात सूर्याभोवती केवढं तरी मोठं वर्तुळ, कुठंही न तुटलेलं. आतली कड तांबूस, मग पिवळसर, आणि बाहेर निळसर पांढरी होत विरलेली. आतलं आभाळ सारवल्यासारखं स्वच्छ, जरा काळसर. गुलनार हळूच "या अल्ला" म्हणाली. मला उगीच रडू आलं.

"गेलं का, आत्याबाई?"

"नाही गेलं. हे माह्यं नव्हे. हे वरचंच हाय."

"वरचंच हाय, माय," गोकुळ म्हणाला. "चुकलं माह्यं."

बाईंचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं.

"मावशी, आतून कसं लाल हाय पाहा," गुलनार म्हणाली. "मेहंदीवानी."

"लाल?"

"हाव. आतल्या कडेले."

बाई बराच वेळ पाहत राहिल्या. "मले तं पांढरंच दिसून राह्यलं," त्या म्हणाल्या.

हात भरून आला असेल, तरी त्यांनी तो खाली घेतला नाही. तोंड वरच ठेवून त्यांनी विचारलं, "गोकुळ, त्या डॉक्टरनं तारीख कोणती देली होती रे?"