पोळ्याचं तोरण आणि वैजनाथचा हात

मित्रांनो, बास्केटबॉलच्या खांबावर फळीला जडलेलं हे गंजकं कडं दिसतंय ना? ते जुनं कडं मीच. महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी संग्रामपूरच्या लोहारानं बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव कापून मला घडवलं. अंग तेव्हा कसं चकचकीत होतं!

माझे सोन्याचे दिवस वैजनाथमुळे आले. हा शाळेतला मास्तर चेंडू फळीवर असा टेकवायचा की तो अलगद माझ्या पोटात. गाव त्याला डोक्यावर घेऊन नाचायचं.

मग त्याची पस्तिशी उलटली. दम लागायचा, गुडघे कुरकुरायचे, हे मी नाकारत नाही. पण हात? हात तोच होता!

पण आमचं गाव भारी हुशार. त्या पोळ्याला बैलांसाठीचं तोरण कुठं बांधलं, तर मैदानाच्या दोन टोकांच्या आमच्या खांबांना! पोळा फुटला, बैल उधळले, तोरणाच्या दोराला हिसका बसला आणि दोन्ही खांब पुढं झुकले. कोणी वर बघेल तर शपथ! वैजनाथचा चेंडू फळीवरून खाली घसरायचा आणि माझ्या काठावर आदळून बाहेर. मी आतून नुसता चरफडायचो.

"वैजनाथचा हात गेला बे!" पोरं म्हणायची.

संघ निवडणारे भगवंतराव म्हणाले, "वैजनाथभाऊ, बुलढाण्याच्या सामन्याले यंदा लक्ष्मीकांतले नेतो."

ती वैजनाथची शेवटची स्पर्धा ठरली असती. तो एवढंच म्हणाला, "हाव. हात ऐकून नाई राह्यला माहा."

अरे, हाताला काय दोष देतोस! मला ओरडायचं होतं. लोखंडाला तोंड कुठलं?

संघ सामना खेळून परतला. थेट चेंडू टाकणारा तरणाबांड लक्ष्मीकांत आता फळीवरून टाकायला शिकू लागला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदाही चुकला.

भगवंतराव लगेच म्हणाले, "असं काऊन होते? फळी वाकडी असन! पाहा बरं कोनी."

म्हाताऱ्याचा चुकला तर हात गेला, तरण्याचा चुकला तर फळी वाकडी! वा रे न्याय!

तेव्हा कुठं कोणीतरी वर पाहिलं आणि खांब सरळ झाले. शाळेतून घरी निघालेल्या वैजनाथनं सहज चेंडू उचलून टाकला. फळीवर टप्, आणि सरळ माझ्या पोटात. पुन्हा टाकला, पुन्हा आत. भगवंतरावांनी मान खाली घातली. वैजनाथ आपल्या तळहाताकडे बघत राहिला.

"मले तं खरंच वाटलं होतं," तो हळूच म्हणाला आणि सायकल घेऊन निघून गेला.

मित्रांनो, कोणाचा हात गेला म्हणण्याआधी एकदा मान वर करून माझ्याकडे बघत जा. मी इथंच असतो.