दुधाने मोडलेली सोयरीक

इस्कंदरचं लग्न ठरलं तेव्हा तो अकरा दिवसांचा होता. वजन नऊशे ऐंशी ग्रॅम, नाकात नळी, डोक्याला लोकरीची टोपी. नवरी बेय्या शेजारच्याच काचपेटीत होती, त्याच्याहून तीन दिवसांनी मोठी आणि दोनशे ग्रॅमांनी भारी. दोघांनाही जगात यायची भलतीच घाई झाली होती, तब्बल बारा आठवड्यांची.

लग्न ठरवलं ते दोन आज्यांनी, स्फाक्सच्या त्या इस्पितळातल्या बाकड्यावर बसून. मुलाची आजी मोंजिया गावातलीच. मुलीची आजी झोहरा केर्केन्ना बेटावरची. रोज सकाळी बोटीने येणारी. मोंजियाने लेकीसाठी झ्रीर केली होती. तीळ, बदाम, मध नि लोणी घोटलेलं हे बाळंतिणीचं गोड तिने भलतंच जास्त केलं होतं. एक चमचा तिने झोहराच्या तोंडात घातला, एक झोहराने तिच्या.

"झालं, पोरगी दिली," झोहरा म्हणाली.

"झालं, घेतली," मोंजिया म्हणाली. तेवढ्यावर थांबली असती तर ती मोंजिया कसली! संध्याकाळपर्यंत तिच्या दोन्ही बहिणींना, तीन जावांना आणि कोपऱ्यावरच्या पाववाल्यालाही बातमी कळली होती.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. डॉक्टर दलेंदा दर रविवारी कागदी फितीने बाळांची डोकी मोजत. त्यांनी इस्कंदरचं डोकं एकदा मोजलं, पुन्हा मोजलं, आणि मोंजियाला व तिच्या लेकीला, एमनाला, बाहेर बोलावलं.

"आठवड्यात दोनच मिलिमीटर वाढलंय," त्या म्हणाल्या. "सात-आठ तरी हवं होतं. या दिवसांत आतला मेंदू सोललेल्या बदामासारखा गुळगुळीत असतो. त्याचा अक्रोड व्हायचाय, घड्या पडायच्यात. त्यासाठी खाणं पोटात जायला हवं, आणि डब्याचं दूध याला सोसत नाही. काल पोट फुगलं ते तुम्ही पाहिलंच."

एमनाने मान खाली घातली. शस्त्रक्रियेनंतरच्या तापात तिचं दूध आटलं होतं. दिवसातून आठ वेळा पंप लावून बाटलीचा तळही भिजत नव्हता.

"दुसरीचं चालेल?" मोंजियाने विचारलं.

"चालेल. आम्ही ते तापवून देऊ. पण दूधपेढी इथे नाही, हे तुम्हाला माहीत आहे. कोणाचं दूध कोणाच्या पोटात गेलं ते दोन्ही घरांना ठाऊक असायला हवं. समोरच्या हनियाला बेय्याला पुरून उरतंय. तिच्या सगळ्या तपासण्याही ठीक आहेत. पण विचारायचं तुम्ही."

हनिया म्हणजे झोहराची लेक. बेय्याची आई.

मोंजियाने मनात हिशोब मांडला. हनियाचं दूध प्यायलं की इस्कंदर बेय्याचा दूधभाऊ. आणि भावाबहिणीचं लग्न कुठे लागतं? म्हणजे दूध मागायचं तर आधी सोयरीक मोडायची, तीही मुलाकडच्यांनी, तिसऱ्याच दिवशी! आणि बेटावरची माणसं मानाला किती हळवी! झोहरा रागावून उठली तर हनियाच्या बाटल्याही तिच्याबरोबर उठतील.

"तोंडाने कुठे पितोय तो?" तिने डॉक्टरांपुढे एक फट शोधून पाहिली. "नळीने जाणार. नळीचं कोण धरतंय?"

"पोट धरतं," एमना पहिल्यांदाच बोलली. "यम्मा, तू जातेस की मी जाऊ? टाके धरून जाईन, पण जाईन."

मोंजिया गेली. बाकडं दहा पावलांवर होतं. ती पोचेपर्यंत तिची ओढणी घामाने चिकटली.

"झोहरा, मला तुझ्याशी बोलायचंय."

"बोल की. हुंड्याचं आहे का?"

"सोयरीक मोडायला आलेय."

झोहराने हातातलं विणकाम मांडीवर ठेवलं. "सोळा दिवसांच्या पोरीत खोट काढलीस? काय, नाक नकटंय? बोटीतनं यायचं म्हणून व्याही लांब पडतो?"

"पोरगी सोन्यासारखी आहे. माझ्या नातवाचं डोकं वाढत नाहीये." मग तिने सगळं सांगितलं, बदाम आणि अक्रोडासकट. शेवटी शेवटी आवाज फाटला. "त्याला तुझ्या हनियाचं दूध हवंय, झोहरा. नवरी परत घे आणि दूध दे."

झोहरा उठली. मग तिने कक्षाच्या दारातनंच अशी हाक मारली की नर्स दचकली.

"हनिया! ती दुसरी बाटली फ्रिजमध्ये ठेवू नकोस! जावई गेला, पोरगा आलाय घरात!"

आणि मोंजियाकडे वळून म्हणाली, "येडी आहेस. हे विचारायला एवढा घाम? पण नीट ऐक. हनियाला वरच्या तीन मुली आहेत. त्याही त्याच्या बहिणी झाल्या. पुढे पंचवीस वर्षांनी पोरगी बघत आमच्या दारात यायचं नाही."

"बेटावर फिरकूच देणार नाही त्याला."

"फिरकू दे! भाऊ आहे तो! ईदला आला नाही तर मी कान धरून आणीन."

एका कागदावर दोन्ही घरांची नावं लिहिली गेली, दोन प्रती, दोघींच्या सह्या. दुपारी एक वाजता नळीतून पहिले दोन मिलिलिटर गेले. पोट फुगलं नाही. दुसऱ्या दिवशी थोडं जास्त, तिसऱ्या दिवशी आणखी. एमनाने पंप सोडला नाही. ताप गेल्यावर तिच्याही बाटलीत बोटभर जमू लागलं, आणि इस्कंदरला आधी ते, मग हनियाचं, असा क्रम ठरला. बहिणींना फोन करून लग्न मोडल्याचं सांगताना मोंजियाला तीन वेळा "कोणी मोडलं?" असं विचारलं गेलं. पाववाल्याने हळहळून एक पाव जास्त दिला.

पुढच्या रविवारी दोघी आज्या काचेला नाक लावून उभ्या होत्या. दलेंदांनी फीत फिरवली, वाचली, पुन्हा फिरवली.

"आठ मिलिमीटर," त्या म्हणाल्या. "आणि ही टोपी आता रुततेय. मोठी आणा."

"मी विणते," मोंजिया म्हणाली.

"तुझे टाके बघितलेत मी," झोहरा म्हणाली. "त्यातनं कान बाहेर येतील. माझ्या घरचा मुलगा आहे, मीच विणणार. हिरवी."

"पांढरी!"

"हिरवी. आणि तू लोकर धर."

मोंजियाने डोळे पुसले आणि बाकड्यावर बसून मुकाट्याने दोन्ही हात पुढे केले.