दोन भिंतींमधले स्टूल

मित्रांनो, मी एक जुने लाकडी स्टूल आहे. आमच्या घरात एवढे वाक्यसुद्धा वादाशिवाय पुढे सरकत नाही. कारण 'मी' असे काही नसतेच, याच विषयाचे माझे मालक अभ्यासक आहेत.

एका सुताराने दाराच्या उरलेल्या लाकडातून मला बनवले. नेमणूक झाली स्वयंपाकघरात, वरचे डबे काढण्यासाठी. तिथून मालकांनी मला अभ्यासाच्या खोलीत पळवले. त्या खोलीत डाव्या भिंतीवर आधुनिक फ्रेंच तत्त्वज्ञ आणि उजव्या भिंतीवर बौद्ध ग्रंथ, थेट छतापर्यंत. या दोघांमध्ये पूल बांधणारे पुस्तक लिहायचे, हे मालकांचे जन्माचे काम. पूल ते बांधत. हेलपाटे मला पडत. डावीकडे चढून दोन ओळी वाचायच्या, "अरे, हेच तर तिकडे म्हटलंय," असे पुटपुटत उतरायचे आणि मला काखोटीला मारून उजवीकडे निघायचे. तिथे वर चढेपर्यंत 'हेच' म्हणजे काय ते विसरलेले. पुन्हा डावीकडे. दिवसभर जिवाला स्वस्थता म्हणून नाही.

एकदा एक पाहुणे म्हणाले, "सर, प्रस्तावनेत या स्टुलाचे आभार माना." तेवढ्यावर मी वर्षभर खूश होते. आभार अर्थातच राहून गेले.

मग माझा एक पाय खिळखिळा झाला.

"अहो, पाय हलतोय त्याचा," मालकीणबाई म्हणाल्या.

"हलणारच. जगात स्थिर काय आहे?"

"खाली आलात की सांगते."

ते दुसऱ्याच दिवशी खाली आले, एका जाडजूड फ्रेंच ग्रंथासकट. गुडघा टम्म सुजला. डॉक्टरांनी चालणे बंद केले. पुस्तकाचे शेवटचे प्रकरण तेवढे राहिले होते, प्रकाशक फोनवर फोन करत होता, आणि मालकांना येरझाऱ्या घातल्याशिवाय काही सुचत नव्हते. सुजलेला पाय त्यांनी माझ्यावर ठेवला. तो असा काही नाचायचा, की मीही खाली डुगडुगायचे.

"ते दे गं. नको, राहू दे. आधी तिकडचं दे."

शेवटी मालकीणबाईंनी दोन्ही भिंतींवरचे एकेक पुस्तक उघडून त्यांच्या मांडीवर शेजारी शेजारी आदळले. "घ्या, दोघांना एकदमच वाचा. मी काही तुमचं दुसरं स्टूल नाही."

मालक वाचू लागले. पाय थांबला. मग चेहरा उतरला.

"आता काय झालं?"

"हे दोघे एकच सांगत नाहीत गं. प्रश्न एकच आहे, 'मी' म्हणजे काय. पण या फ्रेंचाला प्रश्न संपायला नकोय आणि या बौद्धाला दुःख संपायला हवंय. इकडून तिकडे जाताना नेमकं तेवढंच माझ्या डोक्यातून गळत होतं."

"मग तुमचा पूल?"

"मधली एक फळीच नाही."

"मग तिथे तशी पाटी लावा. लोक बघून पाय टाकतील."

शेवटचे प्रकरण म्हणजे तीच पाटी. ते प्रकाशकाकडे गेले आणि मालकांना लगेच पहिले प्रकरण खटकू लागले. पाय पुन्हा नाचू लागला. मालकीणबाईंनी सुताराला बोलावून माझ्या पायात पाचर ठोकून घेतली.

मित्रांनो, घरातल्या स्टुलावर चढण्याआधी त्याचे पाय एकदा हलवून पाहत जा. आमच्याकडे सुजलेल्या गुडघ्यातून खरे प्रकरण निघाले. तुमच्याकडे तसे होईलच, याची हमी मी देऊ शकत नाही.