इनडिस्पोज

भिलाईत पहिली भट्टी पेटली त्या वर्षी आमच्या टिनाच्या घरांच्या कॅम्पात एक इंग्रजी शब्द साथीसारखा पसरला. पटत नसेल तर सोडून द्या, पण शेजारच्या रिसाली गावच्या गवळ्याची म्हैससुद्धा त्या शब्दानं दूध चोरायची, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे.

शब्द आणला टाइमकीपर शेषरावांनी. त्याआधी आम्हा खलाशांचे हाल होते. खलाशी म्हणजे जहाजावरचे नव्हेत. दोर-कप्प्या लावून लोखंड आभाळात चढवणारे. 'फीवर' म्हटलं की दवाखान्यात सुई. 'सिक' म्हटलं की डॉक्टरची चिठ्ठी आणा. आणि नुसतं 'बरं नाही वाटून राहिलं' म्हटलं, तर फोरमन विचारायचा, "क्या अच्छा नहीं लग रहा, काम?" अंगात जराशी कसर आहे, सुईइतकी नाही, पण चिमणीवर चढायचं बळही नाही, अशा माणसानं म्हणावं तरी काय?

शेषराव म्हणाले, "म्हणा, इनडिस्पोज्ड."

सगळ्यात आधी म्हटलं नत्थूनं. नत्थू आमच्यातलाच खलाशी, तिरोड्याकडचा. बायको मागेच गेलेली, घरात एकच पोरगी, वसुंधरा. फोरमननं शब्द ऐकला आणि तोंडातलं पान गिळलं. अर्थ विचारावा तर कमीपणा. "ठीक है, ठीक है, आराम करो."

मग काय! क्रेन अडली, क्रेन इनडिस्पोज. नळ आटला, नळ इनडिस्पोज. आमच्या रशियन साहेबाला नत्थूनं एकदा ठेचा चारला, तर साहेबाच्या कानांतून अशी वाफ निघाली की त्यावर आम्ही अख्ख्या पाळीचा चहा उकळला. दुसऱ्या दिवशी नत्थूनं पुन्हा डबा पुढे केला. साहेब हात जोडून म्हणाला, "नो, नो. आय इनडिस्पोज."

नत्थू काळजीत पडला. "पोट दुखून राहिलं का सायबाचं?"

शेषराव हसले. "पोट नाही रे. त्या शब्दाला दुसराही अर्थ आहे. मन नसणं."

"आजार अन् नाखुशी एकाच शब्दात? मंग समोरच्यानं वळखावं कसं?"

"ओळखू येऊ नये म्हणूनच तर तो शब्द आहे."

ते दोन्ही अर्थही मग कॅम्पभर झाले. त्याच सुमाराला वसुंधराचं रायपूरला जमलं. मुलगा सूर्यकांत, रेल्वेच्या कचेरीत. घराणं रायपूरचं जुनं मराठी. मुलानं येऊन पोरगी पाहिली, पोहे दोनदा मागून घेतले, पसंती कळवली. साक्षगंधाचा दिवस ठरला. आम्ही खलाशांनी ताडपत्रीचा मांडव असा ताणला की वादळ आलंच, तर त्यानंच वळसा घालून जावं. वडे तळले. वसुंधरा हिरवं लुगडं नेसून आत बसली.

आले ते एकटे मुलाचे काका, हरिभाऊ. सायकलरिक्षातून उतरलेसुद्धा नाहीत. "चिरंजीव जरा इनडिस्पोज्ड आहेत," म्हणाले, "सध्या राहू द्या." आणि रिक्षा वळली.

मी शेषरावांकडे पाहिलं, शेषरावांनी आपल्या चपलांकडे.

"तब्येत हाये बापा," नत्थू म्हणाला. "कोणाचीबी बिघडते. वडे खा, थंडे होऊन राहिले."

त्यानंतर दर सुट्टीला नत्थू मोसंब्यांची पिशवी घेऊन पॅसेंजरनं रायपूरला जायचा. हरिभाऊ दारातच पिशवी घ्यायचे, "अजून तसंच आहे" म्हणायचे आणि दार लोटून घ्यायचे. घरी आल्यावर वसुंधरा विचारायची, "कसे हायेत ते?"

"हळूहळू बरे होऊन राहिले."

पोरीनं सोमवार धरले. मीही तिला सांगून पाहिलं की रायपुरात एक ताप आहे, तो फक्त गोऱ्या पोरांना धरतो आणि आंबे पिकले की आपोआप उतरतो. ती हसायची. माझ्या थापांवर तिनं कधी विश्वास ठेवला नाही. बापाची थाप मात्र ती मान हलवून ऐकून घ्यायची.

शेवटच्या खेपेला मी सोबत होतो. दार उघडलं तेव्हा आत कॅरम रंगला होता. कोणीतरी ओरडलं, "राणी घेतली रे सूर्यकांतनं!" आणि एक मोकळं, ठणठणीत हसू बाहेर आलं. हरिभाऊंनी पिशवीला हात घातला. "अजून तसंच..."

नत्थूनं पिशवी सोडली नाही.

"भाऊ, एक इचारू? अंग बरं नाही, का मन?"

हरिभाऊंनी मागं पाहिलं, दार जरा ओढून घेतलं. माणूस वाईट नव्हता.

"मन," ते हळूच म्हणाले. "तुमच्या मुलीत काही खोट नाही हो. पण तो म्हणतो, टिनाच्या घरातली..."

"राहू द्या," नत्थू म्हणाला. "मनाले मोसंबी लागत नाही."

परतीच्या गाडीत त्याला हसवावं म्हणून मी दोनदा तोंड उघडलं. जिभेवर काही आलंच नाही.

वसुंधरा दारात उभी होती. पिशवी भरलेलीच परत आली हे तिनं पाहिलं. पिशवी घेतली, एक मोसंबी सोलली, अर्धी बापापुढे धरली.

"मले नको, माय."

"कावून? इनडिस्पोज हाये का तुमी?"

नत्थूनं हो म्हणून मान हलवली.

"अंग का मन?"

तो तिच्याकडे बघतच राहिला. "तुले मालूम होतं?"

"पहिल्या दिवसापासून. ते रिक्षातून उतरलेच नाही ना, बाबा."

"मंग सोमवार कोणासाठी धरले, पोरी?"

"तुमच्यासाठी," ती म्हणाली. "आजारी तर तुमीच दिसून राहिले होते."

नत्थूनं ती अर्धी मोसंबी हातात घेतली. बिया काढून एकेक फोड तोंडात टाकत राहिला, आणि वसुंधरा दुसरी सोलायला बसली.